अफवांवर चालणारी मोटार

मराठीतला ‘अफवा’ हा शब्द मूळचा अरबी. अरबीत ‘अफवाह’ म्हणजे तोंडे. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती अफवा. फारसी-उर्दूतून तो आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. बाजाराची तर अर्धी भाषा अशीच आलेली आहे. दलाल, नफा, नुकसान हे शब्द अरबी, तेजी फारसी. बोलाचाली आणि व्यापार किती जुने सोबती आहेत, हे या शब्दांवरूनच कळावे.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे शोरूम उघडले आणि ही बोलाचाली आपल्या मोहल्ल्यांपर्यंत आली. ती मोटार घेण्याची ऐपत आपल्यापैकी फार थोड्यांची. पण शेअरवर मत सगळ्यांचेच आहे. मोबाइलवरून शेअर घेणारी आपली तरुण मुले हिरिरीने वाद घालतात. एक म्हणतो, टेस्लाला तोड नाही. दुसरा म्हणतो, चीनची बीवायडी तिला गिळणार. तिसऱ्याच्या मते हा सगळा फुगा आहे. तिघांच्याही वादाच्या मुळाशी एकच समजूत असते: उद्याची मोटार कोणती, हे ज्याने आधी ओळखले तो कमावणार.

ही समजूत सव्वाशे वर्षांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये तपासली गेली आहे. त्याची किंमतही लोकांनी मोजली आहे.

१९०० साली अमेरिकेत सुमारे ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. म्हणजे पेट्रोल तिसऱ्या क्रमांकावर! पेट्रोलची गाडी सुरू करायला समोर उभे राहून हँडल फिरवावे लागे आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडे. शिवाय धूर, वास, खडखडाट. वाफेच्या गाडीला पाणी तापेपर्यंत थांबावे लागे. विजेची गाडी मात्र बसले की चालू, आवाज नाही, घाण नाही. त्या काळी विजेवर पैसा लावणारा माणूस मूर्ख नव्हता. आकडे त्याच्या बाजूने होते.

फिलाडेल्फियाच्या हेन्री मॉरिस आणि पेड्रो सालोम यांनी १८९४ मध्ये ‘इलेक्ट्रोबॅट’ नावाची विजेची गाडी बनवली. १८९७ मध्ये त्यांच्या विजेच्या टॅक्सी न्यू यॉर्कच्या रस्त्यावर धावू लागल्या. त्यांची युक्ती आजही चकित करते. गाडी चार्ज होत तासन् तास उभी ठेवायची नाही. ती तळावर आणायची, शेकडो किलोंची बॅटरी यंत्राने ओढून काढायची, भरलेली दुसरी सरकवायची आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. त्याच वर्षी आयझॅक राइस या बॅटरी उद्योजकाने हा धंदा विकत घेतला आणि ‘इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी’ उभी राहिली. बॅटरी विकणाराच आता टॅक्सीवाला झाला.

१८९९ मध्ये विल्यम व्हिटनी आत आले. हे अमेरिकेचे माजी नौदलमंत्री, न्यू यॉर्कच्या ट्राम धंद्यातले बडे प्रस्थ. सायकलींचे कारखानदार अल्बर्ट पोप हेही सोबत आले. शहराशहरांत उपकंपन्या काढायच्या, हजारो विजेच्या टॅक्सी सोडायच्या, अशा घोषणा झाल्या. भांडवलाचे आकडे वर्तमानपत्रांतून फुगत गेले. गाड्या मात्र शेकड्यांतच होत्या. त्याच वर्षी २० मे रोजी याच कंपनीचा जेकब जर्मन नावाचा चालक ताशी १२ मैल, म्हणजे १९ किलोमीटर वेगाने गाडी हाकल्याबद्दल पकडला गेला. अमेरिकेत मोटारीच्या वेगासाठी झालेली ही पहिली अटक मानली जाते. शेअरचा वेग मात्र कुणी मोजत नव्हते.

‘हॉर्सलेस एज’ हे मोटारींचे नियतकालिक या कंपनीला शिशाची मक्तेदारी म्हणून हिणवत असे, कारण बॅटऱ्या शिशाच्या होत्या. वर्षअखेरीस ‘न्यू यॉर्क हेराल्ड’ने कंपनीच्या एका कर्जातली लबाडी उघड केली. विश्वास उडाला, शेअर कोसळला. रस्त्यावरची स्थितीही बरी नव्हती. खडबडीत रस्ते आणि निष्काळजी हाताळणी यांनी बॅटऱ्या लवकर खराब होत आणि त्यांचा खर्च भाड्यातून निघेना. दुसऱ्या शहरांतल्या उपकंपन्या काही वर्षांतच बंद पडल्या.

पुढचा भाग तर विनोदीच म्हणावा असा आहे. या कंपनीने जॉर्ज सेल्डन यांच्या पेट्रोल मोटारीच्या पेटंटचे हक्क घेऊन ठेवले होते. विजेच्या टॅक्सी चालेनात, तेव्हा तिने पेट्रोल मोटारी बनवणाऱ्यांकडून दर गाडीमागे हक्काचे पैसे वसूल करायला सुरुवात केली. विजेच्या भविष्यासाठी जमवलेल्या भांडवलाची कंपनी अखेर प्रतिस्पर्ध्याच्या कमाईवर जगू लागली. एकाने पैसे द्यायचे नाकारले. त्याचे नाव हेन्री फोर्ड. १९०३ मध्ये त्याच्यावर दावा लागला. १९०७ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले आणि १९११ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला की फोर्डच्या इंजिनाला ते पेटंट लागूच होत नाही.

विजेवर विश्वास असलेले लोक तरीही थांबून होते, कारण एडिसन नवी बॅटरी आणणार होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते वर्तमानपत्रांतून तिची ग्वाही देत होते. पहिली बॅटरी बाजारात आली, ती गळू लागली आणि परत घ्यावी लागली. सुधारलेली, खरोखर चांगली बॅटरी यायला १९१० उजाडले. तोवर १९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरला आली होती. १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणावर सुरू होणारी गाडी काढली आणि हँडलचा त्रासही संपला. एडिसनचा शब्द खोटा नव्हता, फक्त उशिरा खरा झाला. पण व्याज आणि भाडे भरणाऱ्या कंपनीला उशीर परवडत नाही.

आता नीट पाहा. त्या भागधारकांचा अंदाज चुकला होता का? शहरातल्या टॅक्सी विजेच्या होणार, हा अंदाज आज खरा ठरतो आहे. बॅटरी बदलण्याची युक्ती चीनमधली ‘निओ’ कंपनी आज वापरते आहे. अंदाज बरोबर होता, पैसे मात्र बुडाले. कल्पना टिकणे, कंपनी टिकणे आणि आपण दिलेला भाव वसूल होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलाचालीत त्या एकच होऊन जातात.

याचा अर्थ विजेची मोटार म्हणजे फसवणूकच, असा मात्र काढू नये. टेस्लाचा शेअर जून २०१० मध्ये १७ डॉलरला विक्रीस आला. ही कंपनी बुडणार म्हणून मंदीवाल्यांनी वर्षानुवर्षे पैसा लावला. २०२१ मध्ये तिचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले आणि मंदीवाले पोळले. पण तेजीवाल्यांचा घरधनीही जिभेवर ताबा ठेवणारा नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये एलॉन मस्क यांनी ट्विटरवर लिहिले की कंपनी ४२० डॉलर भावाने खासगी करण्याचा विचार आहे आणि पैशाची सोय झाली आहे. तसे काही घडले नाही. अमेरिकी बाजार नियामकाशी झालेल्या तडजोडीत मस्क आणि टेस्ला यांना प्रत्येकी दोन कोटी डॉलर भरावे लागले.

‘दुसरी टेस्ला’ म्हणून मिरवलेल्या कंपन्यांचे काय झाले, तेही पाहा. निकोला ही ट्रकची कंपनी जून २०२० मध्ये बाजारात आली. एकही ट्रक विकलेला नसताना तिचे मूल्य काही काळ फोर्डपेक्षा जास्त झाले. मग कळले, जाहिरातीतला ट्रक स्वतः चालत नव्हता, तो उतारावरून सोडला होता! फेब्रुवारी २०२५ मध्ये निकोलाने दिवाळखोरी जाहीर केली. फिस्करने त्याआधीच, २०२४ मध्ये. आणि खरा प्रतिस्पर्धी निघाला तो १९९५ मध्ये शेन्झेनमध्ये बॅटऱ्या बनवू लागलेला कारखाना, बीवायडी. २०११ मध्ये एका मुलाखतीत तिचे नाव निघताच मस्क हसले होते. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत निव्वळ विजेच्या गाड्या विकण्यात ती टेस्लाच्या पुढे गेली.

निकोलाचे बिंग फोडले हिंडेनबर्ग या संस्थेने. तिने त्या शेअरच्या पडझडीवर पैसा लावलेला होता आणि ते लपवलेही नव्हते. तिचे म्हणणे खरे निघाले. म्हणजे बोलणाऱ्याचा स्वार्थ आहे एवढ्याने बोलणे खोटे ठरत नाही. फक्त ते तपासून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आपल्याकडे ओला इलेक्ट्रिकचा शेअर ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ रुपयांना विक्रीस आला. त्याच महिन्यात तो दीडशेच्या वर गेला आणि पुढे काही महिन्यांत ७६ च्याही खाली आला. वरच्या भावात तो घेणाऱ्यांत कुणाची बहिणीच्या लग्नाची, कुणाची घराच्या आगाऊ रकमेची शिल्लक होती, याची नोंद कुठे होत नाही. १८९९ च्या न्यू यॉर्कमध्येही झाली नाही. इतिहासात व्हिटनींचे नाव आहे, शेअर घेणाऱ्या शिंप्याचे किंवा कारकुनाचे नाही.

म्हणून आमच्या तरुणांना एवढेच सांगणे. वीज जिंकणार की नाही, यावर खुशाल वाद घाला. पण शेअर घेण्याआधी विचारा: कंपनी गाडी विकून कमावते की गोष्ट विकून? नवी बॅटरी येईपर्यंत तिचे पैसे पुरतील का? आणि हा भाव ज्या तोंडून ऐकला, त्याने स्वतः कोणत्या भावात घेतला आहे, आणि तो आता विकायला तर निघालेला नाही ना?