सूर्यावर रुसलेलं झाड

तुंगार्लीत पावसाने रात्री थोडी उसंत घेतली की पहाटे आमच्या दारात पारिजातकाचा सडा पडतो. शेजारच्या काकू परडी घेऊन येतात आणि दरवर्षी बजावतात, "सर, पाय नका देऊ हं." जमिनीवर पडलेलं असूनही देवाला चालणारं हे फूल. माझी दादी त्याला हारसिंगार म्हणायची आणि केशरी देठ उकळून ओढण्या रंगवायची.

परवा नववीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, ही फुलं उजाडायच्या आत का गळतात?" खरं तर हा प्रश्न विज्ञानाच्या बाईंचा. पण माझ्याकडे साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात छापलेलं एक उत्तर होतं.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करायचा; मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी, मसाले आणि झाडं यांवर त्याने संवादरूपात लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात पारिजातकाला 'दुःखी झाड' म्हटलंय. इथले लोक सांगतात म्हणून तो एक गोष्ट नोंदवतो. पारिजातक नावाच्या एका मोठ्या सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली. सूर्याने तिला जवळ केलं आणि मग दुसरीच्या नादी लागून सोडून दिलं. तिने जीव दिला. तिला जाळलं, त्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून त्याच्या फुलांना सूर्याचं तोंड बघवत नाही. पुढे ओर्ता गमतीने म्हणतो की ओविड बहुधा याच मुलखातला असावा, कारण तोही अशाच कथा रचायचा.

ओविड म्हणजे ग्रीक कथा लॅटिनमध्ये सांगणारा रोमन कवी. त्याच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या चौथ्या भागात हाच सूर्य आहे आणि दोन मुली आहेत. सूर्याने क्लायटीला टाकून ल्यूकोथोईला जवळ केलं. क्लायटीने मत्सरापोटी चहाडी केली आणि ल्यूकोथोईच्या बापाने पोटच्या पोरीला जिवंत गाडलं. त्या जागी धूपाचं झाड उगवलं. अरबीत त्या झाडाच्या डिंकाला लुबान म्हणतात; आपला लोबान हा शब्द तिथूनच आला. क्लायटी मात्र नऊ दिवस अन्नपाण्याशिवाय सूर्याकडे बघत बसली आणि सूर्यासोबत मान फिरवणारं फूल झाली. आपली पोरगी अशी बघत बसली नाही. तिने पाठ फिरवली. मला तीच जास्त जवळची वाटते.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने या झाडाचं शास्त्रीय नाव निक्टँथस आर्बोर-ट्रिस्टिस असं ठेवलं. निक्टँथस म्हणजे रात्रीचं फूल आणि आर्बोर-ट्रिस्टिस म्हणजे दुःखी झाड. आमच्या अंगणातलं दुःख असं लॅटिनमध्ये कायमचं नोंदलं गेलं.

राखेची गोष्ट लिहून ठेवणाऱ्या ओर्ताचं पुढे काय झालं, हे पाठ्यपुस्तकात नाही. तो ज्यू घराण्यातला. घराण्याला ख्रिस्ती व्हावं लागलं होतं. १५६८ साली तो वारला. दुसऱ्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, कॅतरिनाला, जाळून मारलं. गुन्हा काय, तर लपूनछपून जुना धर्म पाळला. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं कबरीतून उकरून जाळली. ज्या शहरात त्याचं पुस्तक छापलं, त्याच शहरात.

त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही, राखेतून झाड उगवल्यावर थांबलो. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा हात वर केला.

"सर, पारिजातक तर बापाचं नाव झालं. मुलीचं नाव काय होतं?"

ओर्ताने ते लिहिलेलं नाही.