बाबासाहेबांच्या वडिलांनी परळच्या चाळीत शेवटची वर्षं कशी काढली?

बाबासाहेब आंबेडकरांचे वडील म्हणून सुभेदार रामजी सकपाळ सगळ्यांना माहीत असतात. पण फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस मुंबईत कसा आला आणि इथे कसा जगला, हे फारसं कुणी सांगत नाही.

रामजींचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजीही फौजेतले. फौजेत तेव्हा सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवायची सोय होती. जी दारं गावात बंद होती, ती छावणीत उघडी होती. रामजी शिकले, फौजेच्या शाळेत मास्तर झाले आणि चौदा वर्षं मुख्याध्यापक राहिले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ ला त्यांचं चौदावं अपत्य जन्मलं, ते म्हणजे भीमराव.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या समाजाने कंपनीच्या काळापासून शिपाई पुरवले, त्याच्यासाठी पोटाचा आणि शिक्षणाचा एकमेव रस्ता बंद झाला. रामजी गप्प बसले नाहीत. सरकारकडे अर्ज करायचं ठरलं आणि तो लिहून घ्यायला ते थेट न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले, अशी नोंद धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. अर्जाने बंदी काही उठली नाही.

निवृत्तीनंतर दापोली, मग सातारा. तिथे १८९६ च्या सुमारास भीमाबाई गेल्या. १९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. म्हणजे कोकणातून गिरणगावात येणाऱ्या हजारो कुटुंबांसारखंच. फरक एवढाच की या घरात पेन्शन होती आणि वडिलांना मुलाला शिकवायचंच होतं.

खोली एकच, त्यातच संसार आणि अभ्यास. भीमराव लवकर झोपायचा. रामजी रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि त्याच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. मंजुळा किंवा तुळसा अंगावरचा दागिना काढून द्यायची, तो गहाण पडायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत दिला जायचा. ‘त्याग’ वगैरे मोठे शब्द न वापरता सांगायचं तर, ही महिन्याच्या हिशोबाची गोष्ट होती.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. सत्कार सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला ते ओळखायचे. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, ती केळुसकरांच्याच खटपटीने.

बीए झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. रामजींना ही नोकरी पसंत नव्हती. जेमतेम काही दिवस झाले आणि वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर वडिलांसाठी बर्फी घ्यायला भीमराव सुरतला उतरले आणि गाडी सुटली. घरी पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारी १९१३ ला प्राण सोडला. हा प्रसंगही कीर यांनीच लिहिलाय.

त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२३ मध्ये आलेला त्यांचा रुपयावरचा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण आहे. आणि महार रेजिमेंट? ती १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. त्या वेळी बाबासाहेब सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते.

परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत कुटुंब १९१२ च्या सुमारास आलं होतं. प्लेगनंतर मुंबई सुधार ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या, त्यातलीच ही एक. बाबासाहेब तिथे १९३४ पर्यंत राहिले, मग दादरला राजगृहात गेले.