गोठ्याच्या दारातले पायताण

माझी टाच दुखू लागली ती सेवानिवृत्तीनंतर. चौतीस वर्षे फळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा तिने कधी तक्रार केली नाही. दोन गाई दावणीला बांधल्या आणि वर्षभरात ती बोलू लागली. पहाटे खाटेवरून उतरून पहिले पाऊल टेकले की तळव्यात खिळा ठोकल्यासारखी कळ येते. वीस-पंचवीस पावलांनी ती बोथट होते आणि शेण भरून, गव्हाणी झाडून, वैरण टाकून होईतो पुन्हा जागी होते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा तळव्याचा जाड पडदा ताणला गेला आहे, कोब्यावर अनवाणी वावरू नका, असे डॉक्टरांनी सांगितले आणि विचारले, "गोठ्यात पायात काय घालता?"

मला उत्तर देता आले नाही. कारण मी काहीच घालत नव्हतो. घरातून चप्पल घालून निघत होतो, ती गोठ्याच्या दारात काढून ठेवत होतो आणि अनवाणी आत जात होतो. का? गोठा माझा, गाई माझ्या, कोबा माझ्या निवृत्तीच्या पैशांतून केलेला. मला अडवणारे कोणी नव्हते. दुखऱ्या टाचेला आराम देणारे पायताण शोधायला मी निघालो तेव्हा या "का"चे उत्तर आधी शोधावे लागले, आणि ते मोच्याच्या दुकानात नव्हते.

माझी आई आमच्या गावातल्या एका वाड्याच्या गोठ्यात शेणकूर करीत असे. बारा-चौदा जनावरे होती. शेण उचलायचे, मूत वाहून गेलेली नाली काढायची, पाट्या डोक्यावरून उकिरड्यावर टाकायच्या. दुधाच्या भांड्याला मात्र हात लावायचा नाही. शेणाला तिचा विटाळ होत नव्हता. दुधाला होत होता. पावसाळ्यात तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, उन्हाळ्यात टाचांना भेगा पडत. रात्री दिव्याजवळ बसून ती भेगांत मेण वितळवून भरी आणि वर चिंधी बांधी. टाच दुखते असे ती कधी म्हणाली नाही. "पाय भरून आल्यात" एवढेच म्हणे.

१९७८ साली मला नोकरी लागली. पहिल्या पगारातून मी आईसाठी पावसाळी काळे प्लॅस्टिकचे बूट आणले. तिने ते घातले, आरशासारखे पुसून पुसून घातले. चार दिवसांनी मी तिच्या मागोमाग वाड्यापर्यंत गेलो तेव्हा दिसले की गोठ्याच्या दाराशी येताच तिने बूट काढले, पालथे करून पाटीत ठेवले आणि पाटी भिंतीला लावली. मी विचारले तर म्हणाली, "आरं, पायतान आत नेलं की म्हसरं बिचकत्यात. मालकीणबाई म्हनत्यात."

म्हसरे बिचकतात! त्याच गोठ्यातल्या बैलांच्या प्रत्येक खुराला लोखंडी पत्र्या मारलेल्या होत्या. दरसाल नालबंद येई, बैलाला आडवा पाडी, चारी पाय एकत्र बांधी आणि खुरांच्या दोन्ही फाकांना पत्री ठोकी. सडकेवर गाडी ओढताना खूर झिजू नये म्हणून ही तरतूद. वाड्याचे मालक करकर वाजणाऱ्या कापशी वहाणा घालून गोठ्यात येत. ती करकर ऐकली की काम करणाऱ्यांच्या पाठी आपोआप वाकत. तिने मात्र एकही म्हैस बिचकल्याचे माझ्या आठवणीत नाही. बैलाला पायताण होते, मालकाला होते. दोघांच्या मध्ये जी बाई होती तिला नव्हते.

आता ही वहाण येत होती कोठून? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात बलुत्यांचा जो पसारा मांडला आहे, तो वाचताना गावाचा निम्मा व्यवहार चामड्यावर कसा चालत असे हे ध्यानात येते. विहिरीवरची मोट चामड्याची, आसूड चामड्याचा, पायातली वहाण चामड्याची. जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम महाराचे. कातडे कमावण्याचे ढोराचे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते दिवसेंदिवस मुरवायचे. शिवण्याचे चांभाराचे. अशा तीन जातींच्या हातांतून ते कातडे गोठ्यातून निघून मालकाच्या पायापर्यंत पोचत असे, आणि या तिन्ही जाती गावाच्या दृष्टीने अस्पृश्यच. ज्या वहाणेचा तळ आमच्या हातून गेला, तीच वहाण घालून पाटलाच्या दारावरून जाण्याची सोय आम्हाला नव्हती. ती हातात घ्यायची, नाहीतर काखेत मारायची.

येथे आपल्याच घरातले एक जळमट झाडले पाहिजे. आमच्या गावचा चांभार महारा-मांगाच्या वहाणा शिवीत नसे. माझे आजोबा त्यासाठी तीन कोस लांब बाजाराच्या गावी जात. चांभार स्वतःला महाराहून वरचा समजे, महार मांगाहून वरचा समजे, आणि पायताणापुरती का होईना ही उतरंड आम्ही इमानाने सांभाळली. बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे सांगितले. आमच्या घरात ते प्रत्यक्षात यायला १९५६ चे धर्मांतर उजाडावे लागले. १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. वडिलांनी ओढणे सोडले. आईचे शेणकूर मात्र सुटले नाही, कारण भाकरी त्यावर होती.

अनवाणी ठेवण्याची ही रीत आपल्याच मुलखापुरती नव्हती. जे. एच. हटन यांच्या १९४६ च्या जातिसंस्थेवरील ग्रंथात रामनाड जिल्ह्याची हकीकत आहे. डिसेंबर १९३० मध्ये तेथील कल्लर जातीने अस्पृश्यांवर आठ बंधने घातली. सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, पुरुषांनी गुडघ्याखाली वस्त्र नेसू नये, उन्हापावसात छत्री वापरू नये आणि पायात वहाणा घालू नयेत. ती पुरेशी वाटेनात म्हणून १९३१ मध्ये अकरा बंधनांची नवी यादी निघाली. तिच्यात अस्पृश्यांच्या मुलांनी शिकू नये आणि फक्त मिरासदारांची गुरे राखावीत, असे स्पष्ट घातले होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात: पायात काही नको, डोक्यात काही नको, आणि हातात गुरांचे दावे.

हा इतिहास झाला, असे म्हणून तो मिटवता येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. सार्वजनिक ठिकाणी पायताण घालण्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला अडवणे हा तीत स्वतंत्रपणे नमूद केलेला गुन्हा आहे. मेलेले जनावर उचलायला लावणे हाही त्याच कायद्याने गुन्हा ठरला. ज्या देशात "चप्पल घालू द्या" हे संसदेला एकविसाव्या शतकात लिहावे लागते, त्या देशाच्या पायाखाली काय आहे हे निराळे सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये तिरुपूर जिल्ह्यातल्या राजावूर गावी साठेक दलित स्त्रीपुरुष चपला घालून एका रस्त्यावरून चालत गेले, ही वर्तमानपत्रात बातमी झाली.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्याच एका सहकारी शिक्षकाने घेतला. ते म्हणाले, "गुरुजी, खळ्यावर तर सगळेच शेतकरी पायताण काढतात. पोळ्याला बैलापुढे काढतात. ती भक्ती आहे. प्रत्येक ठिकाणी जात कशाला शोधता?" गोष्ट खरी आहे. खळ्यावर मालकही अनवाणी होतो. परंतु तो स्वतःच्या मनाने काढतो आणि खळ्यावरून उतरला की पुन्हा घालतो. रोज शेण काढताना त्याला ती भक्ती आठवत नाही. माझ्या आईला काढताना कोणी पुसले नाही आणि घालताना दहा जणांनी पुसले. दोन्ही वेळी पाऊल उघडेच दिसते, म्हणून दोन्ही एकच, असे म्हणणे हे डोळ्यांचे काम झाले, विचाराचे नव्हे.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या निग्रो गुलामांकडे पाहावे. दलित पँथरच्या काळापासून आपण त्यांच्याशी नाते सांगत आलो आहोत, पण पायताणाच्या बाबतीत एक फरक दिसतो. गुलामाला मालक जोडा देत असे. तो जाडाभरडा, पाय सोलणारा असे, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात आपला पहिला जोडा वर्णिला आहे, त्याचा तळ इंचभर जाड लाकडाचा होता आणि चालताना तो भयंकर आवाज करी. हा जोडा दयेपोटी दिलेला नव्हता. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती आणि मालमत्ता लंगडी झाली तर पीक बुडते. आमच्या गावगाड्यात अस्पृश्य विकत घेतलेला नसे. त्याचा पाय निकामी झाला तर त्याच्या जागी त्याचा मुलगा फुकट मिळे. म्हणून त्याच्या टाचेचा हिशेब कोणाच्याच वहीत नव्हता. सालगड्याचे साल ठरवताना धान्याबरोबर घोंगडी आणि वहाणांचा एक जोड लिहीत, तेवढी काय ती नोंद. शेणकुरीच्या बाईला ती नोंदही नाही.

अनवाणी पायाची किंमत शास्त्राने केव्हाच मांडून ठेवली आहे. आकडेकृमी मातीतून तळव्याच्या कातडीवाटे शरीरात शिरतो हे आर्थर लूस यांनी १८९८ साली दाखवून दिले. जनावरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा ताप भेगांवाटे आणि जखमांवाटे शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो ओळखला, गोठ्यातल्या बायांना तो नाव नसलेला ताप म्हणून आधीही येत असणार.

तर मी पायताण शोधू लागलो. प्रथम कोल्हापुरी आणली. माझी हौस म्हणा. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशनमेळ्यात प्राडा कंपनीने तिच्यासारखाच जोड दाखवला आणि आपल्याकडे मोठा गदारोळ उठला. त्या गदारोळात शिवणाऱ्यांची आठवण थोडीफार झाली, कातडे कमावणाऱ्या ढोरांची झालेली मी वाचली नाही. असो. ही वहाण कोरड्या रस्त्याची राणी आहे. गोठ्यातल्या मुताने तिचा तळ फुगला, वाद्या सैल झाल्या आणि पंधरा दिवसांत ती कुजली. मग हवाई चप्पल. ती शेणावर घसरते. एकदा गाईच्या पायाशी पडलो, मनगट वाचले एवढेच. मग रबरी गमबूट घेतले. १८५३ साली हायरम हचिन्सन या अमेरिकन माणसाने फ्रान्समध्ये ते काढायला सुरुवात केली तेव्हा तेथला शेतकरी लाकडी जोडे घालून चिखल तुडवीत होता. गमबुटात पाय कोरडा राहतो, घसरत नाही. पण आतला तळ पत्र्यासारखा कडक. टाच पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागली.

उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणाहून. डॉक्टरांनी एमसीआर रबराचे नाव लिहून दिले. हवेच्या बारीक पेशी असलेले हे मऊ रबर. १९४६ साली वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी जे पायताण घडवले, त्यात हे रबर वापरात आले. कुष्ठरोग्याचे पाऊल रोगाने सडते असा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की संवेदना गेल्यामुळे त्याला दाब कळत नाही, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार पडून व्रण होतो. मऊ तळ दिला तर पाऊल वाचते. गावाने ज्याला वेशीबाहेर टाकले त्याच्यासाठी केलेला हा तळ आता माझ्या टाचेखाली येणार होता.

तालुक्याच्या स्टँडवर गटई कामगारांना मिळणाऱ्या सरकारी पत्र्याच्या स्टॉलमध्ये एक मामा बसतात. त्यांच्यापुढे गमबूट आणि एमसीआरचा तुकडा ठेवला. ते हसले. "गुरुजी, बूट एक नंबर मोठा आणायला पायजे हुता. गादी बसली की पाय मावायचा न्हाई." मी बदलून आणला. त्यांनी कागदावर माझ्या पावलाचा माप घेतला, रबर कापले, टाचेखाली आणखी एक पाचर दिली आणि ती चिकटवली नाही. "चिकटवली तर घाम मुरंल. रोज काढायची, उन्हात टाकायची." दोन महिन्यांत पहाटेची कळ निम्म्याने उतरली.

येथे हा लेख संपवता आला असता. परंतु माझ्या गोठ्यात सकाळचे शेण काढायला मातंग वस्तीतली एक बाई येते. पन्नाशीची आहे, मी तिला अक्का म्हणतो. मी गमबूट घालून धार काढायला बसतो तेव्हा ती अनवाणी पाटी भरत असते आणि तिच्या चपला माझ्या गोठ्याच्या दाराबाहेर भिंतीला लावून ठेवलेल्या असतात. हे मी सव्वा वर्ष पाहिले. गाईंच्या गुडघ्यांना कोबा लागू नये म्हणून या काळात मी रबरी मॅटही आणून अंथरली. अक्काचे पाय दिसले ते हा लेख लिहायला घेतल्यावर.

मी विचारले, "अक्का, चपला बाहेर का ठेवता?"

ती गोंधळली. "तुम्ही काय म्हनाला न्हाईसा गुरुजी. पर गोठा हाय न्हवं..."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रावर तिला उभे करून मी पेन्सिलीने दोन्ही पावलांची रेघ काढली. तिला फार लाज वाटली. माझ्या पायाला हात लावू नका म्हणाली. पाऊल लांबीला आखूड आणि पंजाला रुंद, जन्मभर अनवाणी राहिलेले. तालुक्यातल्या तीन दुकानांत गेलो. गमबुटाचा सर्वांत लहान नंबर सहा. बायकांचे येत नाहीत, मागणीच नाही, असे तिन्ही दुकानदार म्हणाले. तो कागद आणि सहा नंबरचा जोड आता स्टँडवरच्या मामांकडे आहे. टाचेमागे रबराची पट्टी देऊन बघतो, सोमवारी या, असे त्यांनी सांगितले आहे.