क्रेडिट आले कुठून?



समर सेमिस्टर जवळ आले की आपल्या इथल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न हमखास निघतो. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात एखादा कोर्स केला, तर त्याचे क्रेडिट आपली युनिव्हर्सिटी धरेल का? उत्तर शोधता शोधता मी इतिहासात शिरलो. क्रेडिटच्या या हिशेबात शिक्षणाइतकाच प्रोफेसरांच्या पेन्शनचाही हात आहे म्हणे!

चार्ल्स इलियट हार्वर्डचे अध्यक्ष असताना (१८६९-१९०९) तिथे ऐच्छिक विषय फोफावले. प्रत्येकाचे विषय वेगळे, मग पदवी पूर्ण झाली हे ठरवायचे कसे? म्हणून मोजणी आली. दोन वर्षे एकीकडे शिकून पुढे दुसरीकडे जायचे, ही वाटही तेव्हाचीच. शिकागोजवळचे जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली याच कल्पनेवर निघाले, अवघ्या ६ विद्यार्थ्यांनिशी.

मोजमाप पक्के झाले ते पुढे. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगींनी कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पण कॉलेज म्हणायचे कोणाला? हायस्कूल कुठे संपते आणि कॉलेज कुठे सुरू होते, याचाच तेव्हा गोंधळ होता. म्हणून कार्नेगी फाउंडेशनने अट घातली की प्रवेशासाठी हायस्कूलची किमान १४ युनिट्स मागायची. एक युनिट म्हणजे वर्षभरात एका विषयाचे साधारण १२० तास. पेन्शन कोणाला नको असते? कॉलेजे भराभर रांगेत आली. १९१० मध्ये मॉरिस कुक या इंजिनियरने (आपलाच जातभाई!) फाउंडेशनसाठी युनिव्हर्सिट्या कारखान्यासारख्या तपासल्या आणि 'स्टुडंट अवर'चा हिशेब मांडला.

गंमत म्हणजे पेन्शनला पैसे पुरेनात. १९१८ साली प्राध्यापकांकडूनही वर्गणी घेणारी वेगळी संस्था काढावी लागली. पेन्शन गेली, तास मात्र राहिले! २०१५ साली खुद्द कार्नेगी फाउंडेशनने कबूल केले की हे युनिट शिकणे मोजण्यासाठी नव्हतेच; पण त्याची जागा घेईल असे दुसरे काही तयार नाही.

खरी मेख इथेच आहे. तीन तास आणि तीन तास कागदावर सारखे, पण आत काय शिकवले ते तासांतून कळत नाही. म्हणून शेवटचा शब्द क्रेडिट घेणाऱ्या युनिव्हर्सिटीचा. अमेरिकन सरकारच्या जीएओ या तपासणी संस्थेने २०१७ साली अंदाज दिला की २००४ ते २००९ मध्ये कॉलेज बदललेल्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बुडाली. म्हणजे फी गेली, आणि वेळही.

माझ्या बायकोची बी.एस्सी. तीन वर्षांची, म्हणून मास्टर्सआधी तिला इथे काही कोर्स करायला सांगितले. तिने आधी विचारून स्टॅटिस्टिक्स केले, तरी युनिव्हर्सिटीने ते नुसते 'इलेक्टिव्ह' म्हणून टाकले. सिलॅबस आणि अॅडव्हायझरची जुनी ईमेल पुढे केल्यावरच ते मूळ विषयात धरले गेले.

भारतातही यूजीसीने २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आणली आहे. पण बँक कुठलीही असो, 'किती क्रेडिट' याबरोबर 'कोणत्या विषयाच्या बदली' हेही फी भरण्याआधी लेखी घ्या.