शंभर वर्षांचा उरूस

ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहाने डिसेंबर २०२४ मध्ये आपले शंभरावे वर्ष साजरे केले. त्या निमित्ताने १५ डिसेंबर रोजी किल्ल्यावर ५४६ कलावंतांनी एकसमयावच्छेदेकरून समूहवादन केले व त्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली. शताब्दीला असा थाट शोभतोच. तथापि एखादी संगीतसभा शंभर वर्षे टिकते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न त्या थाटाहून अधिक विचार करण्याजोगा आहे.

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत महंमद घौस यांचा भव्य मकबरा आहे. त्याच्या आवारात तानसेनाचे लहानसे स्मारक आहे. कोणी त्यास कबर म्हणतात, कोणी समाधी. जवळच्या चिंचेचा पाला चघळल्याने कंठ सुरेल होतो, या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या गवई तेथे येत राहिले. राजा मानसिंह तोमराच्या काळापासून (१४८६ ते १५१६) ही भूमी ध्रुपदाचे माहेरघर होती. 'आइन-इ-अकबरी'त अकबराच्या दरबारातील छत्तीस गायक-वादकांची यादी आहे. त्यांपैकी पंधराएक एकट्या ग्वाल्हेरचे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, १९२४ साली, या स्मारकापाशी संस्थानाच्या आश्रयाने उरूस भरू लागला. त्याला पोषक अशी भूमी आधीच तयार झाली होती. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये आपल्या वडिलांच्या नावाने गांधर्व महाविद्यालय काढले होते आणि १९१८ मध्ये भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय उघडले होते. हद्दू-हस्सू खाँ यांची विद्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत रुजली होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती दक्षिणेत आणली आणि विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. म्हणजे आपण महाराष्ट्राचे म्हणून मिरवतो त्या ख्यालगायनाचे आजोळ ग्वाल्हेरच होय.

पुढे संस्थान विलीन झाले. प्रथम मध्यभारत आणि १९५६ पासून मध्यप्रदेश असे राज्य बदलले. आश्रयदाता गेला की मैफल उठते, हा नेहमीचा अनुभव. येथे तसे घडले नाही. १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात नभोवाणीमंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी पुढाकार घेतला आणि या स्थानिक उत्सवास अखिल भारतीय रूप आले. तानसेनाच्या नावाने सन्मान देण्याचा परिपाठ १९८० मध्ये सुरू झाला. पहिल्या मानकऱ्यांत कृष्णराव पंडित, हिराबाई बडोदेकर आणि बिस्मिल्ला खाँ हे होते. एक ग्वाल्हेरचा, एक किराण्याचा आणि एक काशीचा सनईवाला, अशी ही त्रयी!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समारोहाच्या मोठ्या सभा सायंकाळी भरतात. पण आरंभ होतो सकाळी, स्मारकापाशी, सनईच्या मंगल सुरांनी. मग ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतील हरिकथा होते, त्यानंतर मिलाद होतो आणि शेवटी मजारीवर चादर चढविली जाते. हरिकथेला बसणाऱ्याला मिलाद परका वाटत नाही आणि चादर घेऊन येणाऱ्याला हरिनामाची अडचण होत नाही. तानसेनाचा जन्म हिंदू कुळात झाला व तो एका सूफी संताच्या शेजारी विसावला, असे परंपरा सांगते. त्याच्यावर हक्क कोणाचा, हा वाद घालायला येथे मुबलक वाव होता. ग्वाल्हेरकरांनी तो न घालता दोन्ही बाजूंना आसन दिले. उत्सवाची एक सभा तानसेनाच्या बेहट या गावीही भरते; म्हणजे जन्मस्थान आणि विश्रांतिस्थान या दोहोंचा मान राखला जातो.

राजाश्रय गेला, राज्याच्या सीमा बदलल्या, व्यासपीठे मोठी झाली. पण वंदन आधी आणि गायन नंतर हा क्रम राहिला. येथे गाणारा मोठ्यातला मोठा कलावंतही त्या दिवशी यजमान नसतो, एका पूर्वजाच्या दारी आलेला पाहुणा असतो. समूहवादनाचे विक्रम आज ना उद्या कोणी मोडील. विक्रम मोडण्यासाठीच असतात. थंडीच्या सकाळी एकाच सतरंजीवर बसून हरिकथा आणि मिलाद ऐकणारे लोक मात्र प्रत्येक पिढीने नव्याने घडवावे लागतात. दुसऱ्या शतकात या उत्सवाला खरी गरज त्यांची आहे.