आंग्ल-मराठा: एका आडव्या रेघेचा इतिहास

१/ ‘आंग्ल-मराठा युद्ध’ यातील आडवी रेघ पुसली, तर ‘आंग्ल मराठा’ म्हणजे इंग्रजी वळणाचा मराठा, असाही अर्थ निघतो. दोन प्रतिस्पर्ध्यांना समोरासमोर उभे करणारी ही रेघ म्हणजे संयोगचिन्ह. विरामचिन्हे मराठीत रुजली, त्या इतिहासात पुण्याचा वाटा मोठा आहे.

२/ पेशवे दफ्तरातील मोडी कागद पाहावेत. आधी सलग शिरोरेघ, मग तिच्याखाली अक्षरे. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. वाक्य कोठे संपले, हे क्रियापदावरून ओळखायचे. जाणत्या कारकुनाचे त्यावाचून अडत नसे.

३/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिचे प्रमुखपद मेजर थॉमस कँडी यांच्याकडे आले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी कोशाला त्यांचे साहाय्य होते. १८४७ मध्ये त्यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला.

४/ १८५० मध्ये कँडी यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक आले. छापील मजकूर अनोळखी वाचकापुढे जातो; त्याला लेखकाचा श्वास ऐकू येत नाही. ते काम चिन्हांनी करायचे होते.

५/ इंग्रजीत संयोगचिन्हावर अर्थच फिरतो. ‘मॅन-ईटिंग टायगर’ म्हणजे नरभक्षक वाघ. रेघ काढली की वाघ खाणारा माणूस! नामाआधी येणारे जोडविशेषण रेघेने बांधतात. ‘वेल-नोन रायटर’ हे त्याचेच उदाहरण. ‘द रायटर इज वेल नोन’ असे नामानंतर आले, की बहुधा रेघ गळते.

६/ मराठीला येथे रेघ फारशी लागत नाही. ‘नरभक्षक’, ‘तोंडपाठ’, ‘गुडघाभर’ हे समासाने एकजीव होतात. ‘थ्री-यीअर-ओल्ड’चे काम ‘तीन वर्षांचे’ यातील सामान्यरूप आणि प्रत्यय करतात. इंग्रजीतील प्रत्यय काळाच्या ओघात झिजले, म्हणून तेथे चिन्हावर भार आला. मराठीत रेघ शोभते ती दोन्ही पदे तुल्यबळ असताना: आई-वडील, मराठा-निजाम, आंग्ल-मराठा.

७/ १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ पुण्यातूनच निघाली. पहिला निबंध मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवर होता. स्वभाषेचा कैवार घेणारी ती लांब, डौलदार वाक्येही स्वल्पविराम-अर्धविरामांच्या आधाराने उभी आहेत. चिन्हे परकी होती. त्यांच्यातून घडलेले गद्य मात्र अस्सल मराठी ठरले.