चाळिशीचा इतिहास : उपाय, उपपत्ती आणि उपलब्धता

प्रस्तावना :

मराठी भाषेत 'चाळिशी' हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. वयाची चाळीस वर्षे, त्या सुमारास जवळचे अक्षर अंधुक दिसू लागणे आणि त्यासाठी नाकावर चढविला जाणारा चष्मा. वय, विकार आणि उपाय यांना एकच नाव देणारा हा शब्द लोकानुभवाचा द्योतक आहे. वैद्यकाच्या परिभाषेत या अवस्थेला 'प्रेसबायोपिया' म्हणतात. या संज्ञेच्या मुळाशी वृद्ध व नेत्र या अर्थांचे ग्रीक शब्द आहेत.

माणसाच्या बहुतेक विकारांच्या बाबतीत कारण आधी कळते व उपाय मागाहून सापडतो, असा सर्वसाधारण समज असतो. चाळिशीचा इतिहास याच्या उलट आहे. येथे उपाय तेराव्या शतकाच्या अखेरीस सापडला, त्याची समाधानकारक उपपत्ती एकोणिसाव्या शतकात पूर्ण झाली आणि तो उपाय सर्व गरजूंपर्यंत पोहोचविण्याचे कार्य एकविसाव्या शतकातही अपुरेच आहे. उपाय, उपपत्ती आणि उपलब्धता या तीन टप्प्यांच्या आधारे या इतिहासाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

काचमणी ते चष्मा :

अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम याने प्रकाश व दृष्टी यांविषयी 'किताब अल्-मनाझिर' हा ग्रंथ रचला. त्याच्या लॅटिन अनुवादामुळे युरोपात प्रकाशशास्त्राच्या अभ्यासाला चालना मिळाली. इंग्लंडमधील रॉजर बेकन याने १२६७ मधील 'ओपस माजुस' या ग्रंथात, अक्षरांवर गोलाकार काचेचा तुकडा ठेवल्यास ती मोठी दिसतात व वृद्धांना त्याचा उपयोग होतो, असे नमूद केले. मात्र हा तुकडा पानावर ठेवावयाचा होता. डोळ्यांपुढे धरावयाची जोडी अजून अस्तित्वात यावयाची होती.

ती इटलीत तयार झाली. २३ फेब्रुवारी १३०६ रोजी फ्लॉरेन्स येथे दिलेल्या प्रवचनात जोर्दानो या धर्मोपदेशकाने, चष्मे बनविण्याची कला सापडून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत, असे सांगितले. त्यावरून हा शोध सुमारे १२८६ चा मानला जातो. पहिल्या कारागिराचे नाव इतिहासाला ज्ञात नाही. पिसा येथील मठाच्या वृत्तांतानुसार त्याने आपली कृती इतरांना सांगण्यास नकार दिला. त्याच मठातील अलेस्सांद्रो देल्ला स्पिना (मृत्यू १३१३) याने ते चष्मे पाहून स्वतः तसे बनविले आणि ती विद्या मोकळ्या मनाने सर्वांना दिली. या साधनाच्या इतिहासात ज्ञान राखून ठेवणे आणि ज्ञान वाटणे या दोन वृत्ती अशा प्रारंभापासूनच दिसतात.

१३५२ मध्ये तोम्मासो दा मोदेना या चित्रकाराने त्रेविझो येथील भित्तिचित्रांत कार्डिनल ह्यू यांना चष्मा लावून लिहिताना दाखविले. वस्तुतः हे कार्डिनल १२६३ मध्ये, म्हणजे चष्म्याच्या शोधापूर्वीच, निधन पावले होते. कालविपर्यासाचा हा दोष इतिहासाच्या अभ्यासकाला उपयुक्त ठरतो. अवघ्या सहा-सात दशकांत चष्मा हे विद्वत्तेचे चिन्ह बनले होते, हे त्यातून स्पष्ट होते. पुढे १४६६ मध्ये मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून २०० चष्मे मागविले. ते वयाच्या पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांप्रमाणे वर्गीकृत होते. काचेची शक्ती मोजण्याचे परिमाण नसताना वय हेच मोजमाप मानले जात होते. मराठीतील 'चाळिशी' या नावामागेही हाच व्यवहार दिसतो. पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर मुद्रणकला पसरली आणि वाचकांबरोबरच चष्म्यांची मागणीही वाढली.

भारतातील आगमन :

भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा पद्धतशीर शोध घेण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे जाते. १५०० ते १८०० या काळातील उल्लेखांचा मागोवा घेणारा त्यांचा इंग्रजी लेख या विषयावरील मूलभूत लेखन मानला जातो. त्यांनी लक्ष वेधलेला महत्त्वाचा पुरावा म्हणजे सोमनाथ कवीचे संस्कृत 'व्यासयोगिचरित'. विजयनगरचे माध्व आचार्य व्यासतीर्थ (मृत्यू १५३९) हे चष्म्याच्या साहाय्याने ग्रंथवाचन करीत, असा उल्लेख या चरित्रात येतो. हा प्रसंग सुमारे १५२० चा मानला जातो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला होता व विजयनगरशी त्यांचे संबंध होते. त्यामुळे ही वस्तू त्या मार्गाने आली असणे संभवनीय वाटते.

दुसरा मार्ग इराणकडून येतो. हेरातचा फारसी कवी जामी (मृत्यू १४९२) याच्या काव्यात दृष्टीला साहाय्य करणाऱ्या फिरंगी काचेचा उल्लेख आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मीर सय्यद अली याने काढलेल्या चित्रात त्याचे वृद्ध वडील, चित्रकार मीर मुसव्विर, चष्मा लावलेले दिसतात. 'चष्मा' हा शब्दही 'चश्म' म्हणजे डोळा या फारसी शब्दापासून आला आहे. कार्डिनल, आचार्य, चित्रकार या सर्व उदाहरणांत चष्मा विद्वान किंवा राजाश्रय लाभलेल्या कलावंताजवळच आढळतो, ही बाब लक्षणीय आहे.

कारणाचा शोध :

चष्मा वापरात आला तरी तो का उपयोगी पडतो, हे कित्येक शतके अज्ञात होते. परिणामी त्याविषयी संशयही होता. १५८३ मध्ये नेत्ररोगांवर जर्मन भाषेत महत्त्वाचा ग्रंथ लिहिणाऱ्या गेओर्ग बार्टिश या शल्यवैद्याचा चष्म्याच्या वापराला विरोध होता. योहानेस केप्लर याने १६०४ मध्ये प्रतिमा डोळ्यातील भिंगावर नव्हे तर मागील पडद्यावर उमटते, हे दाखविले. त्यानंतर प्रश्न उरला तो असा की, दूरची व जवळची वस्तू पाहताना डोळ्यात नेमका कोणता बदल होतो?

थॉमस यंग याने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग केले. डोळ्याचा बाह्य पारदर्शक भाग पाण्याच्या संपर्कात ठेवून त्याने त्या भागाचा प्रभाव नाहीसा केला. तरीही जवळचे पाहण्याची क्षमता टिकून राहिली. यावरून बदल आतील भिंगातच होतो, असा निष्कर्ष त्याने काढला. १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झ याने त्याची यंत्रणा विशद केली. जवळ पाहताना डोळ्यातील स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल होतात आणि लवचीक भिंग अधिक फुगीर होते. वयानुसार भिंग ताठर होत गेल्याने स्नायू कार्यरत असूनही भिंगाचा आकार पुरेसा बदलत नाही.

नेदरलँड्समधील फ्रान्सिस्कस डोंडर्स याने १८६४ मधील ग्रंथात या ज्ञानाला व्यवस्थित रूप दिले. डोळ्याच्या रचनेमुळे येणारा दूरदृष्टिदोष आणि वयामुळे येणारी चाळिशी या भिन्न गोष्टी असून दुसरी ही निरोगी डोळ्याचीही स्वाभाविक अवस्था आहे, असे त्याने प्रतिपादन केले. उपाय सापडल्यानंतर त्याची उपपत्ती पूर्ण होण्यास अशा रीतीने सुमारे पावणेसहा शतके लागली. १८७२ मध्ये मोनॉयेर या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने 'डायॉप्टर' हे परिमाण सुचविले आणि चष्म्याचे मोजमाप वयाऐवजी काचेच्या शक्तीवर आले.

या परिमाणाने चाळिशीचा कालही समजावून घेता येतो. दहाव्या वर्षी डोळ्याची जुळवून घेण्याची क्षमता सुमारे १४ डायॉप्टर असते. चाळिसाव्या वर्षी ती ६ च्या आसपास व साठाव्या वर्षी जेमतेम १ उरते. चाळीस सेंटिमीटरवरील पुस्तक वाचण्यास अडीच डायॉप्टर लागतात आणि दीर्घ वाचनात उपलब्ध क्षमतेच्या निम्मी क्षमताच सुखाने वापरता येते. म्हणजे क्षमता ५ च्या खाली जाताच पुस्तक हातभर दूर धरावे लागते. चष्मा लावल्याने डोळे 'अधू' होतात, ही समजूत यामुळे निराधार ठरते. पुढे नंबर वाढतो तो चष्म्यामुळे नव्हे, तर भिंगाचा ताठरपणा वाढल्यामुळे.

व्यवस्थापनाची साधने :

बेंजामिन फ्रँकलिन याने १७८४-८५ मधील पत्रांत एकाच चौकटीत दोन प्रकारच्या काचा बसविलेल्या चष्म्याचे वर्णन केले आहे. १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतेनाझ याच्या संशोधनातून क्रमशः शक्ती बदलणारी काच बाजारात आली. स्पर्शभिंगे, शस्त्रक्रिया व २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पिलोकार्पिनचे थेंब हे अलीकडील पर्याय होत. थेंबांचा परिणाम काही तासांपुरता असतो. साधा बहिर्गोल भिंगाचा चष्मा हाच आजही सर्वांत स्वस्त व विश्वासार्ह उपाय आहे. मात्र नंबर ठरविताना व्यक्ती कोणते काम किती अंतरावरून करते, हे विचारात घ्यावे लागते. तसेच काचबिंदू व मधुमेहजन्य नेत्रविकार प्रारंभी जाणवत नसल्याने चाळिशीनंतर संपूर्ण नेत्रतपासणी आवश्यक ठरते.

वाचक आणि श्रमिक :

चष्मा पुस्तकाशी जोडला गेल्यामुळे 'ज्याला वाचावयाचे नाही त्याला चाळिशी कशाला?' अशी धारणा रूढ झाली. वस्तुतः सुईत दोरा ओवणे, धान्य निवडणे, पायातील काटा काढणे, औषधाच्या गोळ्या ओळखणे ही सर्व जवळच्या दृष्टीची कामे आहेत. येवल्याच्या पैठणी विणकराला किंवा सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला तिची गरज एखाद्या ग्रंथपालाइतकीच असते.

या गरजेचे मोजमाप फार उशिरा झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१५ मध्ये जगात सुमारे १८० कोटी लोकांना चाळिशी होती आणि त्यांपैकी ८२ कोटी ६० लाख लोकांजवळ चष्मा नव्हता किंवा असलेला पुरेसा नव्हता. त्याच वर्षी आसाममधील चहाच्या मळ्यांतील चाळीस वर्षांवरील ७५१ कामगारांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळचा चष्मा मिळालेल्या कामगारांची पानखुडणी तुलनेने सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक आढळली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील चाचणीत चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न तुलनेने सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक दिसून आले. पाने खुडणाऱ्या हातांनाही चाळिशीची गरज असते, हे सिद्ध होण्यास चष्म्याच्या शोधापासून सात शतकांहून अधिक काळ लागला.

समारोप :

चाळिशीच्या इतिहासात विज्ञानाची प्रगती ठळकपणे दिसते. तितकीच ठळक दिसते ती उपायाच्या वाटपातील विषमता. 'आता वय झाले' असे म्हणून सुई-दोरा खाली ठेवणाऱ्या स्त्रीची अडचण वयाची असली, तरी तिच्या कमाईचा ऱ्हास अपरिहार्य नाही. आज आवश्यकता आहे ती गाव, वस्ती व कामाच्या ठिकाणी साध्या तपासणीची, परवडणाऱ्या चष्म्याची आणि 'चष्मा वाचणाऱ्यांसाठी' ही धारणा बदलण्याची. पिसा येथील ज्या अनामिक कारागिराने कृती लपविली त्याचे नाव उरले नाही. ती वाटणाऱ्या स्पिनाचे नाव मात्र इतिहासाने जपले. चाळिशीच्या इतिहासाचा उर्वरित अध्याय उपाय शोधण्याचा नसून तो वाटण्याचा आहे.